आरशाला टांगलेला दरवान

मित्रांनो, ज्या इंजिनासाठी मी घडवला गेलो, त्या इंजिनापासून जेमतेम दोन हातांवर मी एकवीस महिने नुसता लोंबकळत होतो. खाली, सीटच्या पोटात, इंजिन तापत होते, उकळत होते, वाफेच्या शिट्ट्या मारत होते. आणि वर, काचेपुढच्या आरशाला मासे पकडायच्या दोरीने बांधलेला मी प्रत्येक खड्ड्याला डोलत होतो. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, ‘अहो, मला खाली घ्या!’ पण मी पडलो एक जुना थर्मोस्टॅट. मला दोनच गोष्टी येतात: उघडणे आणि मिटणे.

माझे नाव अवघड वाटत असेल तर मला पाण्याच्या वाटेवरचा दरवान म्हणा. इंजिनाची उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्या अंगातून पाणी खेळत असते. हे पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते, वाऱ्याने निवते आणि परत येते. मात्र सकाळी इंजिन थंड असते, तेव्हा त्याला आधी अंग गरम करून घ्यायचे असते. त्या वेळी मी रेडिएटरची वाट अडवून बसतो आणि पाणी एका आखूड आडवाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहते. पाणी ब्याऐंशी अंशांवर पोहोचले की माझ्या पोटातले मेण वितळून फुगते, मी उघडतो आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. पण मला खाली एक पायही आहे. एका कांडीच्या टोकाला बसवलेली, नाण्याएवढी चकती. मी उघडताना हा पाय खाली सरकतो आणि ती आडवाट बंद करतो. मग सगळ्याच्या सगळ्या पाण्याला रेडिएटरमध्ये जाऊन निवावेच लागते. माझा हा पाय कोणाच्या लक्षात आला नाही, म्हणून ही सगळी हकीकत घडली.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका प्रौढ कामगार बाईंनी मला चिमट्यात धरून गरम पाण्यात बुडवले, मी बरोबर वेळेला उघडलो, आणि त्यांनी समाधानाने मान हलवून मला पुढच्या पेटीत ठेवले. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे एका पांढऱ्या मिनीबसच्या इंजिनात माझी नेमणूक झाली. नऊ वर्षे आम्ही एका डोंगरी गावात शाळेची मुले ने-आण केली. बर्फ पडायचे, तेव्हा माझा फार उपयोग व्हायचा. मग एके दिवशी बस जहाजावर चढली आणि आम्ही दूर दक्षिणेच्या उष्ण बेटावर, होनियारा शहरात उतरलो.

बस जेम्युएल अरुहाने याने घेतली. तो मालाइता बेटाच्या दक्षिण टोकाचा. बोलणे कमी, हसणे त्याहून कमी, पण हात प्रेमळ. लग्नानंतरची चार वर्षे त्याने दूरच्या बेटावरच्या लाकूडतोडीच्या तळावर काढली होती. वर्षातून दोनदा बायकोचे तोंड दिसायचे. साठवलेल्या पैशांतून ही बस आली आणि जेम्युएल घरी राहू लागला. पहाटे तेनारूच्या बाजूने फुलवाल्या बायकांना घ्यायचे आणि मोठ्या बाजारात सोडायचे, हे त्याचे ठरलेले काम. आठ बायका आणि त्यांच्या बादल्या: लाल आल्याची उंच फुले, ऑर्किड, चाफा, केळीच्या कोक्यासारखी लोंबणारी हेलिकोनिया. बसला अत्तराच्या कुपीसारखा वास यायचा.

मग एका पावसाळ्यानंतर बस तापू लागली. जेम्युएलने ती कुकुमला, नीरफणसाच्या झाडाखालच्या गॅरेजात नेली. गॅरेज क्लेमेंट यांचे. क्लेमेंट म्हणजे जेम्युएलच्या बायकोचे, विल्माचे, थोरले भाऊ, त्याचे तांबू, म्हणजे मेहुणे. दोघेही एकमेकांना तांबूच म्हणत. आमच्याकडे तांबूशी कोणी वाद घालत नाही. त्याचे नाव घेऊन हाक मारत नाही, त्याची थट्टा करत नाही, चारचौघांत त्याची चूक काढणे तर दूरच. जेम्युएल त्यांच्यासमोर बसतानाही जरा तिरका बसायचा.

क्लेमेंट हुशार कारागीर होते, हे मी मनापासून सांगतो. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि कुठला नट सैल आहे ते सांगायचे. त्यांनी रेडिएटर उतरवला, त्याच्या जाळीत अडकलेला चिखल आणि गवताचे बी पाण्याच्या झोताने धुऊन काढले. रोगाचे मूळ तेच होते. पण हातासरशी त्यांनी आणखी एक झाकण उघडले आणि मला बाहेर काढले.

“तांबू, हे बघितलंत?” मला तळहातावर नाचवत ते म्हणाले. “हे पाणी अडवून धरतं. थंड देशातली चैन आहे ही. आपल्याकडे माणूस सावलीतसुद्धा शिजतो, गाडीला गरम करायची काय गरज?”

“खरं आहे, तांबू,” जेम्युएल म्हणाला. दुसरे काय म्हणणार?

बस निघाली आणि मोकळ्या रस्त्यावर अगदी गार राहिली. राहणारच, जाळी स्वच्छ झाली होती ना! पण क्लेमेंट यांनी एकाच दिवशी दोन कामे केली होती, आणि श्रेय गेले चुकीच्या कामाला. त्यांनी आनंदाने मला दोरी बांधली आणि स्वतःच्या हाताने आरशाला टांगले. “राहू द्या आठवण. कोणी विचारलं तर सांगा, क्लेमेंटने हे काढलं आणि गाडी वाचवली.”

मित्रांनो, मी आरशाला टांगला गेलो तो असा. मोठ्या माणसाने दिलेली भेट. ती काढायची म्हणजे देणाऱ्याचा अपमान.

त्यानंतर माटानिको नदीच्या पुलापाशी रस्त्याचे काम निघाले. दोन पदरांतला एक बंद झाला आणि पहाटे पाचपासून गाड्यांची रांग लागू लागली. बस चालती असेल तोवर वारा मिळायचा आणि भागून जायचे. थांबली की वारा बंद. मग फक्त पंख्याचाच आधार. त्यात अर्धे पाणी माझ्या नसलेल्या पायाच्या जागेतून, त्या उघड्या आडवाटेने, रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत यायचे. ते निवणार कसे? तापमान दाखवणाऱ्या काट्याने लाल रेघ गाठली की जेम्युएल इंजिन बंद करायचा आणि अर्धा तास आम्ही पुलावर वाफ सोडत बसायचो. मागून हॉर्न, पुढून शिव्या.

जेम्युएल पुन्हा पुन्हा कुकुमला गेला. क्लेमेंट यांनी पंख्याचा पट्टा बदलला, मग पाण्याचा पंप बदलला, मग रेडिएटरचे झाकण, मग पंख्याची जोडणी. प्रत्येक काम चोख. बस मात्र पुलावर तशीच उकळत राहिली. बस पुलावर तापू लागली ती मला काढल्यानंतर, हे जेम्युएलच्या केव्हाच ध्यानात आले होते. गॅरेजातून निघताना तो माझ्याकडे बघायचा, ओठ उघडायचा आणि पुन्हा मिटायचा.

एका संध्याकाळी बस धुताना विल्मा त्याला म्हणाली, “तुला काहीतरी वाटतंय. मग बोलत का नाहीस दादाशी?”

“तो माझा तांबू आहे, विल्मा.”

“आणि माझा थोरला भाऊ. मीही बोलायची नाही. मग ती बिचारी बस रोज पुलावर उभी राहून बोलते, ते तरी ऐका दोघं!”

तिने ओला फडका इतक्या जोराने पिळला की पाण्याचे थेंब माझ्यापर्यंत उडाले.

फुलवाल्या बायका दिवसेंदिवस चिडत चालल्या होत्या. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे त्याची धग थेट बादल्यांना लागायची. त्यांची म्होरकी होती सालोमेमावशी. अंगाने भरलेली, दात सुपारीने लाल झालेले, जीभ विळ्यासारखी. एका बुधवारी पुलावर तिने बादलीतून मान टाकलेले एक फूल उपसले आणि जेम्युएलच्या नाकापुढे धरले.

“हे बघ. पहाटे राणीसारखं ताठ होतं. आता चहात बुडवलेलं बिस्कीट झालंय.”

“मावशी, खिडकी उघडा जरा.”

“खिडकी उघडून काय होणार? तू खालून भात शिजवतोयस!”

“भातावर मासाही ठेव रे, पोचेपर्यंत जेवण तरी होईल!” मागून एक बाई म्हणाली आणि सगळ्या खदखदून हसल्या.

सालोमेमावशी मात्र हसली नाही. “ऐक जेम्युएल. तुझ्या आईच्या आणि माझ्या बागेला एकच कुंपण होतं, म्हणून आजवर गप्प राहिले. या महिन्यात तिसऱ्यांदा माझी फुलं मेली. शनिवारी मोठा बाजार आहे, तीन लग्नांची फुलं द्यायचीत. शुक्रवारी गाडी धड पोचली तर आम्ही आठजणी तुझ्या. नाही पोचली तर शनिवारपासून दुसऱ्याची बस.”

जेम्युएलने स्टिअरिंग घट्ट धरले. या आठजणी गेल्या की बस पोसायची कशी? बस गेली की पुन्हा तो लाकूडतोडीचा तळ, पुन्हा वर्षातून दोनदा घर. हे सगळे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होते. आणि मी, ज्याच्याकडे त्यावरचा इलाज होता, त्याच्या नाकासमोर डोलत होतो!

दुसरा दिवस गुरुवार. त्या पहाटे तेनारूच्या थांब्यावर एक नवीन प्रवासी चढल्या. लहानखुऱ्या, केस आखूड, नखांत काळे ग्रीस. त्या रीफ बेटांकडच्या. नाव बेव्हर्ली मेप्लाना. पुलापलीकडच्या उद्योगशाळेत त्या इंजिने शिकवायच्या. त्यांची रोजची बस आली नव्हती.

पुलावर आम्ही थांबलो. काटा चढू लागला. बायकांनी सवयीने बादल्या मांडीवर घेतल्या.

“किती दिवस असं होतंय?” मेप्लाना बाईंनी विचारले.

“पावणेदोन वर्षं झाली, बाई.”

“मोकळ्या रस्त्यावर तापते?”

“नाही. विमानतळाच्या रस्त्याला काटा निम्म्यावरच असतो.”

“आणि थांबली की?”

“दहा मिनिटांत लाल.”

“नऊ!” सालोमेमावशी मागून म्हणाली. “मी मोजलीत.”

बाई खाली उतरल्या. मला मान वळवता आली असती तर वळवली असती, इतका उतावीळ झालो होतो! त्या पुढे गेल्या आणि इंजिन चालू असतानाच रेडिएटरसमोर तळवा धरला. पंखा हवा नीट ओढत होता. मग त्यांनी जाळीपासून चार बोटांवर हात फिरवला, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. कुठे थंड पट्टा लागतो का ते पाहिले. नव्हता, म्हणजे आत काही तुंबलेले नव्हते. जेम्युएलने मदत म्हणून झाकणाकडे हात नेला, तशा त्या कडाडल्या, “झाकणाला हात नाही! तापलेलं झाकण उघडलं तर चेहरा भाजेल. सीट उचला.”

बायका बादल्यांसकट खाली उतरल्या. सीट उचलली गेली आणि मला, वरून, माझे जुने घर दिसले. तेलकट, तापलेले, थरथरणारे. आणि माझ्या रिकाम्या खोलीच्या बाजूने निघालेली ती आखूड नळी!

बाईंनी तिच्यावर थुंकीचे बोट टेकवून चटकन काढले. चर्रर्र झाले. त्यांच्या भुवया वर गेल्या.

“इंजिन इतकं तापलेलं असताना ही वाट बंद पाहिजे. ही तर भरधाव वाहतेय. पक्कड आहे? आणि दोन चपट्या काठ्या?”

पक्कड जेम्युएलने दिली. काठ्या सालोमेमावशीने दिल्या. हेलिकोनियाला आधार म्हणून बांधलेल्या बांबूच्या दोन कांबी तिने दाताने दोरा तोडून काढल्या. बाईंनी हाताला ओला फडका गुंडाळला, नळी दोन कांबींमध्ये धरली आणि पकडीने दाबली. आडवाट बंद!

“जेम्युएल, काटा सांगा.”

“लाल रेघेला टेकलाय, बाई. बंद करू का इंजिन?”

“थांबा. थोडी गती द्या. सांगत राहा.”

“आहे तिथंच आहे... आहे तिथंच...”

सगळ्या बायका खिडकीत डोकी खुपसून काट्याकडे बघत होत्या. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तशी सालोमेमावशी ओरडली, “गप रे! इथं शस्त्रक्रिया चाललीये!”

“हलला!” जेम्युएल ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना कधी ऐकले नव्हते. “बाई, हलला! रेघ सोडली! खाली येतोय!”

“येतोय, येतोय!” बायका नाचू लागल्या. एकीच्या बादलीतले पाणी पुलावर सांडले, तिला पर्वा नव्हती. काटा एकेक केसाने उतरत निम्म्यावर आला आणि थांबला. बस एका जागी उभी, ऊन वर आलेले, आणि काटा निम्म्यावर!

“मिळालं,” बाई म्हणाल्या. घाम पुसत त्यांनी मान वर केली. “पाणी तापल्यावर ही वाट बंद करणारं काहीतरी इथं असायला हवं होतं. ते कुणीतरी...” आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, एकवीस महिन्यांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते! त्यांनी मला दोन बोटांत धरले, उलटे केले आणि माझ्या पायावर अंगठा ठेवला.

“हे काय टांगलंय?”

“ते... शोभेचं आहे, बाई,” जेम्युएल पुटपुटला.

“शोभेचं? अहो, हा या इंजिनाचा दरवान आहे! हा बघा त्याचा पाय. हाच ती नळी बंद करतो. वरचं तोंड उघडतं ते सगळे बघतात, खालचा पाय कोणी बघत नाही. हा कोणी काढला?”

बायका आपापल्या बादल्यांकडे बघू लागल्या. अखेर सालोमेमावशीच हळू आवाजात म्हणाली, “मास्तरीणबाई, ते विचारू नका. त्याच्या तांबूने काढलाय.”

बाईंनी तो प्रश्न तिथेच सोडला. त्याही बेटावरच्याच होत्या.

“मग नळी अशीच बांधून ठेवू या की,” एक बाई म्हणाली. “कोणाला काही बोलायला नको.”

जेम्युएलच्या चेहऱ्यावर किती मोठी आशा उमटली! पण मेप्लाना बाईंनी मान हलवली. “आजचा दिवस बाजारापर्यंत पोचाल. जुनं रबर आहे, दोन दिवसांत फाटेल. आणि न फाटता राहिलं तरी इंजिन कधी नीट गरमच होणार नाही. असं अर्धंकच्चं चाललेलं इंजिन आतून झिजतं. याला याच्या जागीच बसवलं पाहिजे.” त्यांनी आपल्या पिशवीतून शाळेचा तापमापक काढून त्याच्या हातात ठेवला. “बोलता येत नसेल तर बोलू नका. दाखवा. भांड्यात पाणी तापवा आणि याला त्यात सोडा. चालू असेल तर हा स्वतःच सांगेल. आणि एक लक्षात ठेवा. याच्या कडेला ही बारीक हलती टाचणी आहे ना, बसवताना ती वरच्या बाजूला आली पाहिजे. हिच्यातून अडकलेली हवा निघते. खाली आली तर हवा आत कोंडेल आणि पुन्हा उकळाल.”

त्या दुपारी आम्ही कुकुमला गेलो. विल्माही आली होती. तिने घरून भाताचे मोठे भांडे आणले होते. जेम्युएलने मला आरशावरून सोडवले. क्लेमेंट बाकावर बसून सुपारीला चुना लावत होते. दोरी सुटलेला मी त्यांना दिसलो आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“काय झालं, तांबू? तुटलं का?”

जेम्युएलने तीन दगडांवर भांडे ठेवले, पाणी ओतले, काटक्या पेटवल्या, मला दोऱ्याने पाण्यात सोडले आणि तापमापक आत उभा केला. विल्मा भांडे देऊन चार पावले मागे सरली.

“मला काय शिकवायला आलात?” क्लेमेंट यांचा आवाज जड झाला. “हा केव्हाच मेलाय. एकवीस महिने उन्हात वाळलाय.”

मित्रांनो, खरे सांगतो, मलाही भीती वाटली. माझ्या पोटातले मेण जिवंत होते का? साठ अंश झाले. मी गप्प. सत्तर झाले. काही नाही. क्लेमेंट हसले, पण बाकावरून उठून भांड्याजवळ आले. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. माझ्या आत काहीतरी मऊ झाले. ऐंशी. आणि मग, ब्याऐंशीला, आतून तो जुना ओळखीचा जोर आला! मी उघडू लागलो. इतक्या दिवसांनी अंग ताणताना होणारा आनंद तुम्हाला कसा सांगू!

क्लेमेंट वाकले. त्यांचा चेहरा वाफेत होता. त्यांना माझे तोंड उघडताना दिसले. ते त्यांना ठाऊकच होते. पण त्याच वेळी माझा पाय खाली सरकत होता, भांड्याच्या तळाकडे, हळूहळू, ठामपणे. त्यांनी एक काटकी घेऊन माझ्या पायाला हलकेच टेकवली. मग उठून बसजवळ गेले, सीट उचलली, बांबूत आवळलेली ती नळी बघितली, परत आले, पुन्हा माझ्याकडे बघितले. तोंडातली सुपारी त्यांनी बाजूला थुंकून टाकली.

“पस्तीस वर्षं,” ते स्वतःशीच म्हणाले. “पस्तीस वर्षं मी हे वरून बघितलं.”

मग त्यांनी पान्हे आणले, इंजिन निवू दिले, नळीवरच्या कांबी सोडल्या, माझी खोली खरवडून साफ केली, झाकणाखाली घालायची नवीन कागदी पट्टी कापली. त्यांनी मला आत ठेवले. आणि टाचणी खाली आली.

जेम्युएलने ते पाहिले. झाकण बसायला एक क्षण होता. तो बसच्या दाराशी उभा होता, नेहमीसारखाच जरा तिरका. पहिला नट क्लेमेंट यांच्या बोटांत होता. मला त्या अंधाऱ्या खोलीतून वर दोघांचे चेहरे दिसत होते आणि मी मनात एकच म्हणत होतो, ‘बोल रे बाबा. आता नाही तर कधीच नाही.’

“तांबू,” जेम्युएल म्हणाला. तो समोर येऊन उभा राहिला, सरळ. “तांबू, ते उलटं बसलंय. टाचणी वर पाहिजे.”

विल्मा पुढे सरकली.

क्लेमेंट यांनी मान वर केली. जेम्युएलकडे पाहिले, टाचणीकडे पाहिले. मग त्यांनी दोन बोटांनी मला अर्धी गिरकी दिली. टाचणी वर आली.

“अशी?”

“हो, तांबू.”

“एकवीस महिने का बोलला नाहीत?”

“तुम्ही तांबू आहात.”

“अहो, मग एवढे पंप, पट्टे, झाकणं मला बदलायला लावलीत! माझी पाठ गेली त्यात!” आणि ते इतके जोरात हसले की झाडावरचे पक्षी उडाले. विल्मा रडता रडता हसू लागली. जेम्युएलसुद्धा हसला. मग क्लेमेंट यांनी झाकण बसवले, आणि माझ्यासाठी अंधार झाला. पण तो माझा स्वतःचा अंधार होता.

शुक्रवार. मित्रांनो, आता मला काही दिसत नव्हते. पण इंजिन सीटखालीच, त्यामुळे बायकांचे बोलणे पत्र्यातून स्पष्ट ऐकू येत होते. तेनारू, विमानतळ, मग वेग मंदावला. पूल! चाके थांबली. पाणी आणखी तापू लागले. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. मी पुरता उघडलो. पाय सरकला, आडवाटेच्या तोंडावर टेकला आणि मी तो घट्ट रोवून धरला. पाणी मला ढकलत होते, मी हललो नाही. सगळे पाणी रेडिएटरकडे गेले आणि निवून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

“नऊ मिनिटं झाली,” वरून सालोमेमावशीचा आवाज आला.

“काटा?”

“निम्म्यावर.”

“बारा झाली.”

“निम्म्यावर!”

“वीस! अगं बायांनो, वीस! आणि माझी फुलं बघा, कशी ताठ उभी आहेत!” मग माझ्या डोक्यावर धाडधाड आवाज झाला. आठही जणी पाय आपटत होत्या. “जेम्युएल, उद्या पहाटे साडेचारला ये. उशीर केलास तर बघ!”

जेम्युएलने हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा करण्यासाठी नव्हे. नुसताच, आनंदाने, दोनदा.

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. क्लेमेंट अजून नीरफणसाखाली काम करतात. कुठलाही भाग काढला की आधी तो उलटा करून बघतात, मग मालकाला समोर बोलावून विचारतात, “तुम्हाला काय वाटतं, ते आधी सांगा.” मालक तांबू असला तरी विचारतात. आरशाला टांगून मिळालेल्या मानापेक्षा ही शाबासकी मला मोठी वाटते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी इंजिने दुरुस्त कराल, कोणी घरे बांधाल, कोणी माणसांवर उपचार कराल. एखादी लहान वस्तू निरुपयोगी वाटली, तर तिला काढण्यापूर्वी खालूनही बघा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. आणि ज्यांचा तुम्ही मनापासून मान ठेवता त्यांची चूक दिसली, तर नम्रपणे पण वेळेवर सांगा. त्यांना ती ऐकण्याची संधी देणे हासुद्धा मानच आहे.

माझी स्वतःची विनंती एवढीच आहे. माझे मेण आता थकू लागले आहे. अलीकडे मी उघडायला क्षणभर उशीर लावतो, ते मलाच जाणवते. एक दिवस मी उघडणार नाही. त्या दिवशी माझ्यावर रागावू नका. मला सावकाश काढा, माझ्या जागी एक नवा, तरुण दरवान बसवा, त्याची टाचणी वर आहे ना ते बघा. पण कृपा करून ती जागा रिकामी ठेवू नका.